मध्यावर परत

बसा जरा. घाई नाही.

समोर मोकळा माळ आहे. हिवाळ्यातली सकाळ. गवत सुकून पिवळं पडलं आहे आणि मोज्यांना कुसळं अडकली आहेत. राहू द्या ती. नंतर काढता येतील.

चार पावलांवर रेडिओवर उडणारं विमान ठेवलं आहे. फोमचा साधा ट्रेनर. पंख धडाच्या वर बसवलेले, दोन्ही टोकांना किंचित उचललेले. बॅटरी अजून जोडलेली नाही. प्रॉपेलर स्वस्थ आहे.

वारा उठलेला नाही. पठारावर या दिवसांत असंच असतं. ऊन चढून जमीन तापली की तिच्यावरून गरम हवेचे लोट वर निघतात आणि हलकं विमान त्यांत हेलकावू लागतं. त्याला अजून अवकाश आहे.

टिटवी ओरडते. थांबते.

तिच्या थांबण्याकडेही कान द्या.

आता ट्रान्समीटर जवळ घ्या. बंदच असू द्या. पट्टा गळ्यात घाला आणि सगळं वजन पट्ट्यावर सोडा. हातांनी काही उचलून धरायचं नाही. खांदे वर चढले असतील. खाली येऊ द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

उजवी स्टिक पाहा. मोड २ या मांडणीत ती आडवी हलवली की पंखांवरचे एलेरॉन हलतात आणि विमान कलतं. उभी हलवली की शेपटीवरचा एलिव्हेटर हलतो आणि नाक वर-खाली होतं. दोन्ही दिशांना आत स्प्रिंग आहे.

स्टिक चिमटीत धरा. अंगठा आणि तर्जनी, बस. पुष्कळ जण नुसत्या अंगठ्याने उडवतात आणि उत्तम उडवतात. शिकणाऱ्याला मात्र चिमूट जास्त मानवते, असं माझं ठाम मत आहे. दाराशी रांगोळीची रेघ ओढताना पूड जशी चिमटीत धरतात, तशी धरा. दाब किती, हे तिथे कोणी मोजत नाही. बोटांना कळतं. दाब वाढला की रेघ तुटते, सैल झाला की फराटा उमटतो.

तेवढाच दाब. त्याहून जास्त नको.

आता स्टिक हळूच डावीकडे न्या. अगदी थोडी. स्प्रिंग बोटाला उलट लोटते आहे, ते जाणवू द्या.

थांबा तिथे.

आणि आता परत या. स्टिक सोडून देऊ नका. सोडली तर ती टक्कन मध्यावर उडी मारते आणि वर आकाशात विमानही तसंच टक्कन दचकतं. बोटं लावूनच तिला परत आणा. स्प्रिंग ढकलते आहे, तुम्ही सोबत चालला आहात.

मध्य.

इथे स्प्रिंग ढकलत नाही. बोटाला काही सांगत नाही.

डोळे मिटा आणि पुन्हा जा. डावीकडे, थोडंसं. परत. मध्य. उजवीकडे, थोडंसं. परत. मध्य.

या मध्यावर आज आपण राहणार आहोत. बाकी सगळं इथून निघतं आणि इथेच परत येतं.

पुन्हा एकदा. स्टिक नेणं सगळ्यांना जमतं. परत आणण्याकडे लक्ष द्या.

स्टिक मध्यावर असताना आपण काही करत नाही, असं वाटतं. पण ट्रान्समीटर चालू केला की विमानातल्या सर्व्होला, म्हणजे हे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटारीला, रिसीव्हरकडून सतत लहान लहान स्पंदनं मिळत राहतात. साध्या सर्व्होला सेकंदाला सुमारे ५०. प्रत्येक स्पंदन किती लांब, त्यावरून सर्व्होला कळतं कुठे वळायचं ते. एक मिलिसेकंदाचं असेल तर एका टोकाला. दोन मिलिसेकंदांचं असेल तर दुसऱ्या टोकाला. दीड असेल तर मध्य.

म्हणजे तुमचं बोट स्वस्थ असतं तेव्हाही वर निरोप जात असतो. मध्य. मध्य. मध्य. सेकंदाला ५० वेळा.

त्या निरोपाबरोबर थोडं बसा.

उठायच्या आधी जरा मागे पाहू. १९३७ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी, वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचं आपलं विमान रेडिओच्या ताब्यात उडवलं. ते विमान आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपलेलं आहे. त्यानंतरही कितीतरी वर्षं बहुतेक हौशी लोकांच्या हातात अशी स्टिक नव्हती. बटण होतं. बटण दाबलं की विमानातल्या पिळलेल्या रबराच्या जोरावर एक कळ सुटायची आणि रडर एका बाजूला पूर्ण वळायचा. बटण सोडलं की सरळ. मधलं काही नव्हतंच. ‘थोडंसं’ असं विमानाला सांगायची सोय नव्हती.

बोट जेवढं हलेल तेवढाच पृष्ठभाग हलेल, ही सोय १९६०च्या दशकात रुळली. चिमटीतल्या स्टिकच्या मध्यापासून टोकापर्यंत ज्या असंख्य जागा आहेत, त्या कुणीतरी खपून मिळवून दिल्या आहेत. मला याचं फार अप्रूप वाटतं. त्या जागा वापरायला शिकणं, हाच खरा सराव.

आता उभे राहा. सावकाश.

थ्रॉटल तळाशी. ट्रान्समीटर चालू. मग विमानाची बॅटरी जोडा, प्रॉपेलरच्या मागे राहून.

सर्व्होंचा बारीक किर्र आवाज येतो आणि विरतो.

स्टिक हळूच उजवीकडे न्या आणि पंखांकडे पाहा. उजवा एलेरॉन वर येतो, डावा खाली जातो. बोट जेवढं सावकाश, तेवढाच तो सावकाश. बोट थांबलं की तोही थांबतो.

परत या. एलेरॉन पंखाच्या रेषेत येतात.

बोटाची सवय अशी उघड्यावर दिसते. कंप असेल तर कंप दिसतो. हिसका असेल तर हिसका दिसतो. ट्रान्समीटरमध्ये एक्स्पो लावला असेल, तर मध्याजवळची हालचाल आणखी मऊ होते आणि टोकाला मिळणारी पूर्ण हालचाल तेवढीच राहते. शिकताना तो जरूर लावा.

विमान आता वर आहे.

हाताने फेकलं असेल, नाहीतर गवतावरून धावत गेलं असेल. त्या गडबडीत आज जायचं नाही. ते वर आहे, पन्नासेक मीटर उंचीवर, आणि तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे चाललं आहे. थ्रॉटल निम्म्याच्या आसपास. थ्रॉटलच्या डाव्या स्टिकला उभ्या दिशेने स्प्रिंग नसते. ठेवाल तिथे ती राहते. ठेवून द्या.

पाहा.

पंख सपाट आहेत. मोटारीचा आवाज एकसारखा येतो आहे.

उजवी स्टिक मध्यावर आहे. आणि विमान उडतं आहे.

यात काही भर घालायची गरज नाही. फक्त पाहा.

ते हळूहळू एका बाजूला सरकत असेल, तर ट्रिमची कळ त्याच्या उलट बाजूला एक-दोनदा दाबा. थांबा. पुन्हा पाहा. बोट मध्यावर ठेवूनही विमान सरळ आणि सपाट जाईपर्यंत ट्रिम लावत राहा. हे काम पुष्कळ जण उरकून टाकतात. उरकू नका. बोटाचा मध्य आणि विमानाचा मध्य जुळल्याशिवाय हात शांत होत नाही. तो सतत काहीतरी धरून ठेवतो आणि आपल्याला ते कळतही नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

जबडा आवळला आहे का? सैल सोडा.

अंगठ्याचं नख दाबाने पांढरं पडलं आहे का? थोडा रंग परत येऊ द्या.

आता हवेचा एक हलका धक्का येतो. डावा पंख खाली झुकतो.

इथे थांबून पाहू, कारण हात बिघडतो तो इथेच.

डोळ्याने पाहून बोट हलायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. सेकंदाला १२ मीटर जाणारं विमान तेवढ्यात जवळजवळ अडीच मीटर पुढे सरकलेलं असतं. तुम्ही उजवीकडे देता. विमानाला कलायलाही थोडा वेळ लागतो. तेवढा धीर धरवत नाही, म्हणून तुम्ही आणखी देता. मग दोन्ही मिळून एकदम लागू पडतात आणि उजवा पंख धाडकन खाली जातो. आता डावीकडे, आणखी जोरात. विमान डोलत सुटतं. हवा केव्हाच शांत झालेली असते. डोलवत असतो तो आपला हात.

म्हणून डावा पंख खाली झुकतो तेव्हा उजवीकडे थोडंसं द्या. जेवढं द्यावंसं वाटतं त्याच्या निम्मं.

आणि परत मध्यावर या.

आणि वाट पाहा.

ही वाट पाहणं अगदी छोटं असतं, एका श्वासाहूनही कमी. पण ते असू द्या. विमानाला उत्तर द्यायला वेळ द्या.

ते उत्तर देतं. पंख वर येतो. सपाट.

पुष्कळदा तुम्ही काहीच केलं नाहीत तरी तो वर येतो. पंख टोकांना उचललेले आहेत ते त्यासाठीच. कललेलं विमान खालच्या बाजूला घसरू लागतं, तेव्हा खालच्या पंखाला हवा जास्त कोनात लागते, त्याची उचल वाढते आणि तो स्वतःहून सावरतो. अशा विमानाचं डोलणं हाताबाहेर जातंय असं वाटलं आणि खाली उंची भरपूर असली, तर थ्रॉटल थोडा कमी करा आणि स्टिक मध्यावर आणून तिथेच ठेवा.

सांभाळायचं म्हणजे सतत काहीतरी करायचं, हा हट्ट सोडून पाहा. एकदा पुरे. विमान सावरताना पाहिलं की बोटांना विश्वास बसतो, आणि तो दुसऱ्या कुणी सांगून बसत नाही.

पाहत राहा.

आता एक वळण घेऊ. एकच.

विमान उजवीकडे दूर चाललं आहे. त्याला डावीकडे वळवून परत आणायचं आहे.

आधी नजर वळू द्या. ते कुठे जायला हवं, तिथलं आकाश पाहा.

स्टिक डावीकडे, थोडीशी. पंख कलू लागतो. कलू द्या. साधारण ३० अंश. पुरे.

मध्य.

पंख कललेला आहे आणि बोट मध्यावर आहे. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. वळायचं आहे म्हणून तो स्टिक डावीकडेच दाबून धरतो आणि विमान आणखी आणखी कलत जातं, नाक खाली घालतं, गिरकी घेत उतरू लागतं. कल देऊन झाला की मध्यावर या. वळण त्या कलण्यातून होतं.

आता नाक. पंख कलला की उचलीचा काही भाग विमानाला वर धरायचं सोडून आत, वळणाकडे ओढू लागतो. ३० अंशांच्या कलाला तेवढीच उंची राखायची तर साधारण १५ टक्के जास्त उचल लागते. ती एलिव्हेटर देतो. स्टिक आपल्याकडे घ्या. हळूच, चिमटीतली पूड सांडू नये इतक्या हळूच.

नाक क्षितिजाला धरून फिरतं आहे, ते पाहा.

थांबा या वळणात.

माळ, दूरची टेकडी, विजेचा खांब, विमानाच्या मागून एकेक सरकत जातात. आवाजाचा सूर बदलतो. जाताना तो खालच्या पट्टीत होता, आता तुमच्याकडे वळताना किंचित चढतो.

ऐका.

विमानाचं तोंड जिकडे हवं तिकडे येत चाललं की थोडं आधीच उजवीकडे द्या. पंख सपाट होऊ लागतात. होऊ द्या. आपल्याकडे घेतलेला एलिव्हेटर त्याच वेळी सोडत या, बोट लावूनच.

मध्य.

श्वास कोंडला होता का? बाहेर सोडा.

विमान आता तुमच्याकडे येतं आहे. इथे डावं-उजवं फिरतं. विमानाचा डावा पंख तुमच्या उजव्या हाताला आहे. तुमच्या उजवीकडचा पंख खाली झुकला आणि नेहमीच्या सवयीने स्टिक डावीकडे गेली, तर तो आणखी झुकतो. इथे डोक्यात हिशेब मांडू नका, वेळ पुरत नाही. जो पंख खाली पडलेला दिसतो, स्टिक त्याच्याच बाजूला थोडी न्या. त्याला खालून आधार दिल्यासारखी.

आणि परत.

मध्य.

ते डोक्यावरून जाऊ नये. अंगाच्या पुढूनच त्याला वळू द्या. फार लांबही नको. दीड मीटर पंखांचं विमान दीडशे-पावणेदोनशे मीटरवर गेलं की पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढंच दिसतं. मग पंख कुठल्या बाजूला कलला आहे हे कळेनासं होतं आणि हात चाचपडू लागतो. आपल्याकडच्या २०२१च्या ड्रोन नियमांतही मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असं धरलेलं आहे. हाताच्या दृष्टीने हा नियम मला फार शहाणा वाटतो. जेवढं स्पष्ट दिसतं, तेवढंच हळुवार हाताळता येतं.

जवळ ठेवा. पाहत राहा.

वर एक घार आली आहे. तिच्याकडे क्षणभर नजर गेली तर जाऊ द्या, पण लगेच परत आणा. तिची दुभंगलेली शेपूट सारखी थोडी थोडी पिळत असते. पंख मात्र पसरलेले, जवळजवळ स्थिर. दिशा बदलायला तिला एवढंच लागतं. विमान खाली ठेवलं की तिला सावकाश पाहा.

वारा सुटतो आहे. गवताचे शेंडे एका बाजूला लवले आहेत.

वाऱ्यासोबत जाताना विमान भरधाव वाटतं. तोंड फिरवलं की थबकल्यासारखं वाटतं. हवेतला त्याचा वेग दोन्हीकडे तोच आहे. १२ मीटरचा वेग आणि ५ मीटरचा वारा असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला तेच विमान एकदा १७ ने जाताना दिसतं आणि एकदा ७ ने. हा फरक डोळ्यांतला आहे. तो बोटांत उतरू देऊ नका. वाऱ्यासोबत फार वेगात दिसतं म्हणून थ्रॉटल ओढला आणि नाक वर घेतलं, की पंखाखालची उचल सुटते आणि विमान बसतं.

आवाज ऐका. थ्रॉटल हलवला नाही आणि नाक सपाट आहे, तर काही बदललेलं नाही.

हात शांत.

२००३च्या ऑगस्टमध्ये मॉडेल विमानं घडवणारे मेनार्ड हिल आणि त्यांच्या सोबत्यांचं एक मॉडेल विमान न्यूफाउंडलंडहून निघून आयर्लंडला पोहोचलं. इंधनासह त्याचं वजन पाच किलोच्या आत होतं. ते ३८ तासांहून जास्त हवेत होतं. हिल यांची दृष्टी तोवर फार अधू झाली होती, तरी विमान घडवलं ते त्यांच्या हातांनी. सुरुवातीला आणि शेवटी माणसाच्या हाताने स्टिक हलवली. मधला सगळा अटलांटिक त्या विमानाने आतल्या यंत्रणेच्या भरवशावर पार केला. बेताने घडवलेलं आणि बेताने ट्रिम केलेलं विमान किती कमी मागतं, हे त्या प्रवासातून दिसतं.

तुमचं विमानही कमी मागतं आहे. ते काय मागतं, तेवढं ऐका.

आता उतरू.

वाऱ्याकडे तोंड करून, लांबून. पंख सपाट. थ्रॉटल हळूहळू कमी. नाक थोडंसं खाली, म्हणजे वेग टिकेल. उतरायचं काम थ्रॉटलकडे सोपवा. स्टिक जवळजवळ मध्यावरच आहे.

जमीन जवळ येते तशी चिमूट घट्ट होऊ पाहते. होते आहे हे कळलं, की सैल होते.

येऊ द्या. येऊ द्या.

पंखाच्या लांबीहून कमी उंची उरली की विमान थोडं तरंगल्यासारखं वाटतं. जमीन जवळ असली की पंखांना असाच आधार मिळतो. त्याला खाली दाबू नका. स्टिक थोडीशी आपल्याकडे. थांबा. आणखी थोडीशी. वेग सरत चालला आहे. नाक किंचित वर राहू द्या, आणि त्याला स्वतःच बसू द्या.

गवताचा सळसळाट.

थ्रॉटल तळाशी. स्टिक मध्यावर. लगेच धावू नका. श्वास पुरा होऊ द्या. मग जाऊन आधी विमानाची बॅटरी काढा आणि त्यानंतर ट्रान्समीटर बंद करा.

हे उड्डाण लहान होतं. एक सरळ जाणं, एक वळण, एक उतरणं. लूप आणि रोल पुढे येतील. त्यांची घाई करणाऱ्यांचे हात वर्षानुवर्षं हिसके देत राहतात, असं मला पुन्हा पुन्हा दिसतं.

पुढच्या वेळी माळावर जाल तेव्हा पहिली बॅटरी पूर्ण या एकाच कामाला द्या. उंची घ्या, ट्रिम लावा, थोडंसं द्या, बोट लावून मध्यावर परत आणा आणि विमानाचं उत्तर येईपर्यंत थांबा. दुसरी बॅटरी जोडायच्या आधी पाच मिनिटं गवतात बसा, पाणी प्या आणि हात मोकळे सोडा.